दोन हजार रुपये आणि गावची यादी

२०२० सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी लागून दोन-तीन आठवडे झाले होते. एसटी बंद, आठवडी बाजार बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. एरवी मोबाईलवर येणारे बँकेचे, विम्याचे, प्लॉट विकणाऱ्यांचे मेसेज मी न वाचताच पुसून टाकतो. पण त्या दिवसांत दुसरं करायला काहीच नव्हतं, म्हणून मेसेजही वाचले जात होते. त्यातल्या एकात लिहिलं होतं, की माझ्या गावाकडच्या खात्यात दोन हजार रुपये जमा झाले.

मला वाटलं, कुणाचे तरी पैसे चुकून आले. मी कविता लिहितो. कवितेचे पैसे येत नाहीत, आणि आलेच तर दोन हजार येत नाहीत. पोटापाण्यासाठी तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेत लेखनिक आहे. गावी धाकट्या भावाला फोन लावला. तो हसून म्हणाला, "भाई, शेतीचे आलेत. सरकारनं कोरोनाची मदत पाठवलीय. माझेही आले."

आज मला बोलायचंय ते या दोन हजारांबद्दल. आणि ते कुणाकुणाला मिळाले हे चारचौघांना दिसावं की नाही, याबद्दल.

भावाचं म्हणणं निम्मं खरं होतं. हे पैसे प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे. ही योजना कोरोनाच्या आधीची, २०१९ सालच्या फेब्रुवारीत सुरू झालेली. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी ती अट काढली आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्या शेतकरी कुटुंबांना ती लागू झाली. मग महामारी आली. २६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात सांगितलं, की सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या सुरुवातीलाच दोन हजार रुपये टाकले जातील.

यातली गोम अशी, की हा पैसा नवा नव्हता. एप्रिल ते जुलै या काळात केव्हातरी येणारच होता तो हप्ता, फक्त आधी सोडला. मदतीच्या बेरजेत मात्र तो मदत म्हणून धरला गेला. मी याला फसवणूक म्हणणार नाही. ज्याचा माल शेतात सडत होता त्याला जुलैतल्या दोन हजारांपेक्षा एप्रिलमधले दोन हजार मोठे होते. पण सरकार जेव्हा मदतीचा आकडा सांगतं, तेव्हा त्यातलं आधीच कबूल केलेलं किती आणि नव्यानं दिलेलं किती, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. हिशेब खुला हवा म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असायला हवा. यादीची गोष्ट त्यानंतरची.

माझ्या घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमची साडेचार एकर जमीन. अब्बांच्या पश्चात ती आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली. मी नोकरीत, धाकट्याचं गावात किराणा दुकान. शेत कसतो चुलतभाऊ, निम्म्या वाट्याने. चाचीच्या आजारपणात चाचांनी त्यांचा तुकडा विकला, तेव्हापासून त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. त्या एप्रिलमध्ये त्याचे टोमॅटो तोडणीला आले होते. बाजार समिती कधी चालू, कधी बंद. टेम्पोवाला यायला तयार नाही. रमजान तोंडावर. त्यानं तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी क्रेटच्या क्रेट बांधावर उलटे केले. नुकसान निम्मं आमचं, निम्मं त्याचं, पण आम्हाला पगार आणि दुकान होतं.

कोरोनाची म्हणून जी मदत आली, ती माझ्या खात्यात आली. त्याच्या खात्यात काही आलं नाही, कारण योजना सातबारा बघते, हातावरचे घट्टे बघत नाही.

बरं, मी तरी नियमात बसत होतो का? तर नाही. या योजनेतून काही माणसं वगळलेली आहेत. आदल्या वर्षी आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, आमदार-खासदार, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सनदी लेखापाल. माझ्या पगारातून दर वर्षी आयकर कापला जातो. म्हणजे मी अपात्र, सरळसरळ.

मग नाव आलं कुठून? २०१९ साली गावात तलाठ्यांनी याद्या करायला घेतल्या, तेव्हा भावानं खात्यावरच्या सगळ्यांची आधार कार्डं आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडून दिल्या. माझ्याकडे एक कागद सहीसाठी पाठवला. मी सही केली. त्या कागदावर लिहिलं होतं, की मी आयकर भरत नाही. लोक वाचत नाहीत म्हणून सभा-संमेलनांत गळा काढणारा मी, तो कागद न वाचता सही करून मोकळा झालो. एप्रिलमधला मेसेज वाचल्यावर जुनं पासबुक भरून आणायला भावाला सांगितलं, तर त्यात आधीचेही दोन हप्ते निघाले.

तेव्हाच परत करायला हवे होते. कचेऱ्या बंद आहेत, उघडल्या की बघू, असं मी स्वतःला सांगितलं. कचेऱ्या उघडल्या. मी बघितलं नाही.

त्या वर्षी १ ऑगस्टला बकरी ईद होती. नमाज घरातच झाली. पुढचे काही दिवस मी गावातच राहिलो. एका संध्याकाळी दुकानासमोरच्या लिंबाखाली आठ-दहा जण अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून बसले होते. ऑगस्टचा हप्ता नुकताच पडला होता, त्याचीच चर्चा. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "गावाची यादी यात दिसते की." राज्य निवडा, जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, की नावंच नावं. तो मोठ्यानं वाचू लागला.

मी अनेक कविसंमेलनं ऐकली आहेत. इतकं लक्ष देऊन ऐकणारे श्रोते मला कधी मिळाले नाहीत. एकेका नावावर माणसं थांबवायची. "हे तर दोन वर्षांखाली वारले." "ही लेक लग्न होऊन गेली, जमीन कधीच विकली." "हे गुरुजी, यांना चांगली पेन्शन आहे." कुणाच्या आवाजात राग नव्हता, गंमत होती. आणि मग त्यानं माझं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कुणीच काही बोललं नाही. चुलतभाऊ तिथंच बसला होता. तो उठला आणि चहाचे रिकामे कप गोळा करू लागला.

नोव्हेंबरात तहसील कचेरीची नोटीस आली. चार हप्त्यांचे आठ हजार रुपये परत करा. नोटिशीच्या आधीच मी पैसे भरले होते, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. रांगेत उभा राहिलो, आठ हजार भरले, पावती घेतली. रांगेत ओळखीचे बरेच चेहरे होते. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, की फॉर्म आपण भरलाच नव्हता.

ही माझ्या एकट्याची गोष्ट असती तर एवढा वेळ घेतला नसता. दिल्लीच्या कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेचे व्यंकटेश नायक यांनी माहितीच्या अधिकारात केंद्र सरकारकडे अर्ज केला. त्याचं उत्तर २०२१ सालच्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आलं. ३१ जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यात १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त माझ्यासारखे आयकर भरणारे. महाराष्ट्रातले २ लाख ८६ हजार. पुढे २० जुलै २०२१ रोजी कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी लोकसभेत सांगितलेला आकडा आणखी मोठा होता. ४२ लाख १६ हजार अपात्र लोक आणि वसूल करायचे २,९९२ कोटी. महाराष्ट्राच्या वाट्याचे ४ लाख ४५ हजार लोक, सुमारे ३५८ कोटी.

तमिळनाडूत तर २०२० च्या ऑगस्टमध्ये निराळाच प्रकार उघडकीस आला. शेतकऱ्यानं स्वतःच नाव नोंदवण्याची सोय दिली होती. दलालांनी कृषी खात्याच्या संगणकाचे पासवर्ड मिळवले आणि ज्यांना शेतच नाही अशांची नावं लाखांनी घुसवली. सुमारे ११० कोटी रुपये गेले. कळ्ळकुरिची, विलुप्पुरम, कडलूर हे जिल्हे त्यात पुढे होते.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट एक आहे. आयकर भरणारा कोण, हे संगणकाला कळतं. पॅन आणि आधार जोडले, की माझ्यासारखा सापडतो. उशिरा सापडतो, पण सापडतो. पण यादीतला माणूस जिवंत आहे की नाही, जमीन विकून दहा वर्षं झाली का, आणि जो खरोखर राबतो तो यादीत आहे का, हे संगणकाला कळत नाही. ते लिंबाखालच्या माणसांना पंधरा मिनिटांत कळलं. आणि त्यांना कळलं, याचं कारण यादी उघडी होती. बंद कपाटातली यादी बरोबर असो की चूक, ती तपासणारा दुसरा कुणी नसतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ साली जनसुनवाया घ्यायला सुरुवात केली, त्यात हेच केलं होतं. सरकारी कामाच्या हजेरीपटावरची नावं आणि खर्चाचे कागद गावासमोर मोठ्यानं वाचायचे. न झालेलं काम आणि न मिळालेली मजुरी लोकच उभं राहून सांगायचे. माहितीच्या अधिकाराच्या मागणीला जोर आला तो तिथून. आपल्याकडे महाराष्ट्रानं २००२ साली स्वतःचा कायदा केला, त्यामागे अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. मग २००५ साली देशाचा कायदा आला. त्याचं कलम चार फार कमी लोक वाचतात. त्यात सांगितलंय, की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि कुणाला दिली, हे सरकारी कचेरीनं आपणहून जाहीर करायचं. कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही.

आता थोडं नावांबद्दल. माझा धंदाच शब्दांचा, त्यामुळे हे मला जास्त टोचतं. यादी खुली असण्याचा उपयोग फक्त अपात्र शोधायला होत नाही, पात्र असून अडकलेले शोधायलाही होतो. आमच्याकडे सातबाऱ्यावर 'शेख' आधी येतं, आधार कार्डावर शेवटी जातं. एकाच माणसाचं नाव एका कागदावर हुसेन, दुसऱ्यावर हुसैन, तिसऱ्यावर हुसेनसाब. फातमाबीची आधारवर फातिमा बेगम होते. हे फक्त आमचंच नाही बरं का. लक्ष्मीबाईची 'बाई' बँकेत गळते, तुकारामाला कुठे 'राव' लागतो, कुठे लागत नाही. गावात या सगळ्या नावांनी हाक मारली तर एकच माणूस ओ देतो. संगणकाला मात्र ती तीन माणसं वाटतात.

आमच्या फुफीचं असंच झालं. फुफाजींच्या मागे पाऊण एकर तिच्या नावावर झालं, पण हप्ता येईना. लिंबाखाली यादी वाचली तेव्हा तिचं नाव त्यात नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तोवर तिला वाटत होतं, की अजून कुणालाच आले नसतील. मग भावानं सेतू केंद्राच्या खेपा घातल्या आणि नाव जुळवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचा पहिला हप्ता आला. त्यात थोडी भर घालून तिनं डीएपीच्या दोन गोण्या घेतल्या.

पण उघड्या यादीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी अंगावर घेतलेली आहे. माझं नाव वाचलं गेलं तेव्हा मला जे वाटलं, ते मी चुकीचा होतो म्हणून वाटलं. समजा मी बरोबर असतो तर? एखाद्या विधवेच्या खात्यात किती आले हे गावभर होणं, दारात उधारीवाले येणं, भावकीनं हात पसरणं, हेही होतं. टाळेबंदीत काही ठिकाणी मदतीच्या याद्या मोबाईलवर फिरत होत्या. त्यात खाते क्रमांकासकट सगळं होतं. आधार क्रमांक तर जाहीर लावताच येत नाही, तसा कायदाच आहे. हिशेब उघडा करायचा म्हणजे माणूस उघडा करायचा नव्हे.

हा पेच आपल्याच देशात पडलेला नाही. अमेरिकेनं २०२० सालच्या एप्रिलमध्ये शेतकऱ्यांसाठी कोरोना मदत जाहीर केली, त्यात थेट देण्याची रक्कम १६ अब्ज डॉलर होती. तिथं शेती खात्याकडून मिळवलेल्या नोंदी एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था लोकांसाठी खुल्या करते. शेजाऱ्याला सरकारकडून किती मिळाले, हे तिथं कुणीही पाहू शकतं. युरोपात मात्र उलटं वळण आलं. जर्मनीतल्या हेसेन राज्यातल्या शेतकऱ्यांनी आपली नावं आणि अनुदानाच्या रकमा जाहीर करायला हरकत घेतली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की कंपन्यांची नावं जाहीर करा, पण व्यक्तींची नावं सरसकट लावणं हा अतिरेक आहे. त्यानंतर तिथं नवा नियम झाला. नावं पुन्हा जाहीर होऊ लागली, पण अगदी थोडी रक्कम मिळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचं नाव झाकायचं ठरलं. मला ही वाट शहाणपणाची वाटते. मोठ्या रकमेवर मोठा उजेड, लहान रकमेवर बेताचा. आपल्या योजनेत रक्कम सगळ्यांना सारखीच, म्हणून नाव आणि गाव एवढं पुरतं. खाते, मोबाईल, आधार यांचं चावडीवर काही काम नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं, आणि ते योग्यच होतं. त्याच हक्काचं नाव पुढे करून २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यातल्या एका कलमानं माहितीच्या अधिकाराचा कायदा बदलला, आणि हा बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला बघावं लागायचं, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का. संसदेला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथं लिहिलेलं होतं. आता ते सगळं गेलं. माहिती वैयक्तिक आहे, एवढंच कारण पुरतं. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येईल, हे दुसरं कलम अजून शाबूत आहे. कलम चारही आहे. पण कचेरीतल्या टेबलापलीकडच्या माणसाला एक सोपं उत्तर मिळालं. मी स्वतः लेखनिक आहे. सोपं उत्तर हाताशी असलं, की आम्ही काय करतो हे मला माहीत आहे.

पीएम-किसानची गावनिहाय यादी बघता येते, तशीच ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागावी आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचली जावी, एवढं मागायला अर्जसुद्धा लागत नाही. ग्रामसभेत हात वर करावा लागतो. आमच्या गावात तो हात वर झाला. कुणाचा, ते सांगत नाही. आठ हजारांची पावती ज्याच्याकडे आहे, त्याला बोलायचा थोडा हक्क मिळतो. यादीचं महत्त्व तर आता दुप्पट झालंय. २०२३ सालापासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला सहा हजारही त्याच यादीच्या आधारानं दिले जाऊ लागले. म्हणजे एका यादीतून नाव सुटलं, की दोन योजनांतून सुटलं.

पहिल्यांदा ग्रामसभेत यादी वाचली त्या दिवशी चुलतभाऊ आला होता. मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा होता. माझं नाव आता त्यात नव्हतं. मृतांची नावं कमी करायची ठरली, अडकलेल्या तिघांचे कागद तलाठ्यांनी मागून घेतले. सभा संपली तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाई, जो कसतो त्याचा रकाना कुठल्या बाजूला असतो?"

मी मोबाईलवर यादी पुन्हा उघडली. त्यात अनुक्रमांक होता, नाव होतं, आणि स्त्री की पुरुष ते होतं.